छातीवरचं नाव

"पदर घ्या की वरनं! कोण उचलून बघणार आहे?" भाकरी थापता थापता मंजुळा सासूवर कडाडली.

"का म्हणून झाकायचं?" चंदू उसळला. "आये, तू ऐकू नको हिचं. बुद्धाला शरण गेलो ते पदराखाली लपायला?"

"तुम्हाला काय! तुमच्या सदऱ्यावरचा संयुक्त महाराष्ट्र समितीचा बिल्ला मोर्च्यापुरता. आईंना हा रोज लावायचाय. आश्रमातल्या त्या आंधळ्या म्हातारीनं उद्या आईंच्या हातचं पाणी घेतलं नाही तर गेलीच नोकरी."

घोडपदेवच्या त्या एवढ्याशा खोलीत सुंदराबाई दोघांच्या मध्ये बसून पितळी बिल्ला पुसत होती. 'सुंदराबाई गमरे, आया.' पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

परळच्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात ती कामाला होती. मागे कुणी परकी बाई आया म्हणून आत शिरली आणि आंधळ्या कमलाबाईंच्या कानांतल्या कुड्या काढून घेऊन गेली. तेव्हापासून प्रत्येकीच्या छातीवर नाव आलं. नियम चांगलाच होता.

आता अंगाला हात लागला की कमलाबाई दचकायच्या. "कोण गं?"

"मी, सुंदरा."

मग कुठे त्यांचे खांदे सैल पडत. त्या रत्नागिरीकडच्या. सुंदराबाईची बोली ऐकून त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं, "तू आमच्याच जातीतली." सुंदराबाई नुसती हसली होती. आंधळ्या माणसापुढे हसणं म्हणजे गप्पच बसणं. आणि गमरे म्हटलं की त्या मुलखात, घर कुठल्या वाडीतलं, हे कुणाला विचारावं लागत नाही; आडनावातच जात कळते.

आज कमलाबाईंची बोटं बिल्ल्यावर पडली, अक्षरांवरून फिरली. "काय लिहिलंय गं? वाच बघू."

"पेज निवतेय. आधी खा."

शेजारच्या खाटेपाशी राधाबाई, दुसरी आया, खिदळली. "उद्या मी वाचून दाखवीन हो, आजी!"

घरी आल्यापासून सुंदराबाई तोच बिल्ला पुसत बसली होती.

"त्या राधाबाईला एक चोळीचा खण देऊन टाका," मंजुळा आवाज उतरवून म्हणाली. "तोंड मिटेल."

"कुड्या नेल्या ती पण गोडच बोलत होती," सुंदराबाई म्हणाली. "तिनंही नाव सांगितलं नव्हतं."

चंदू काही बोलायला गेला. तिनं हातानंच थांबवलं आणि बिल्ला चोळीला टोचून पाहिला.

"उद्या आंघोळीआधी कमलाबाईंना मीच सांगणार. आडनावासकट. हो म्हणाल्या तरच अंगाला हात लावीन. नाही म्हणाल्या तर दुपारी घरी येईन. माझी भाकरी ठेव."