आवक नंबर नसलेलं पत्र

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात संगणक आले. मी नाशिक रोडहून बसने जायचे. कार्यालयात टपाल आणि टायपिंग माझ्याकडे होतं. जुने ग्रंथपाल नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी बाहेरून एक तरुण साहेब आले होते. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "वर्षभरात हे ग्रंथालय तुम्हाला ओळखू येणार नाही." आम्ही टाळ्या वाजवल्या.

संगणकांसाठी वरच्या मजल्यावरची खोली हवी होती. तिथे देवळाली कॅम्पातल्या एका दिवंगत डॉक्टरांचा संग्रह होता. त्यांच्या मुलीने तो आम्हाला भेट दिला होता. त्यात पुस्तकं होतीच, पण खरं मोल होतं ते अकरा वह्यांचं. पेठ-हरसूलकडच्या डोंगरांत फिरून डॉक्टरांनी गोळा केलेली झाडांची पानं त्यांत चिकटवलेली होती आणि शेजारी बारीक अक्षरात टिपणं होती. तो सगळा संग्रह तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत हलवला. वर एसी बसले. त्यांच्या पाण्याचा पाइप मागच्या भिंतीवरून खाली सोडला.

पुस्तकांच्या दालनाची देखभाल एका परिचराकडे होती. मूळचे हरसूलकडचे, पन्नाशी ओलांडलेले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. एका सकाळी ते माझ्या टेबलाशी आले.

"ताई, जरा मागं या."

त्यांनी एक कपाट थोडं पुढे ओढलं. भिंतीवर सुतळीएवढी मातीची तपकिरी रेघ वर चढत गेली होती. दादांनी ती नखाने फोडली. आतून पांढुरके किडे सैरावैरा पळाले.

"वाळवी," ते म्हणाले. "ही आज नाय आली. लय दिवस झाले आसतील. भिंतीला हात लावून बघा."

भिंत गार आणि ओली होती.

"वरच्या मशीनचं पाणी मुरतंय. आत्ता कळवलं तर वाचंल. मला पत्र लिहून द्या."

मी लिहून दिलं. त्यांनी एकेक अक्षर जपून काढत खाली सही केली. आवक नोंदवहीत चढवण्याआधी मी ते साहेबांना दाखवलं. त्यांनी शांतपणे वाचलं.

"पुढच्या महिन्यात त्याच खोलीत डॉक्टरांच्या वह्यांचं प्रदर्शन आहे. कुलगुरू येणार आहेत. आता वाळवी म्हटलं की बांधकामवाले भिंत फोडणार. हे तूर्तास आवक करू नका. प्रदर्शन होऊ दे, मग बघू."

आवाजात जराही चढ नव्हता. माझ्या बढतीचा कागद त्यांच्याकडेच होता. त्याचा त्यांनी उल्लेखही केला नाही. मी पत्र खणात कोऱ्या कागदांखाली ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दादांनी विचारलं, "नंबर पडला का?"

"पडेल," मी म्हटलं.

पंधरा दिवसांत दादांची परीक्षा विभागात बदली झाली. आदेशात कारण होतं, प्रशासकीय सोय. तोही मीच टाइप केला. मग मागच्या भिंतीला प्लायवूड ठोकलं, त्याला मोतिया रंग दिला. खोली देखणी दिसू लागली. दोन वह्या काचेच्या पेटीत मांडल्या, बाकीच्या नऊ कपाटात काचेआड तशाच राहिल्या. रोज सकाळी त्या कपाटाखाली चिमूटभर माती पडलेली असायची. कोणी यायच्या आत मी ती रुमालाने टिपून घ्यायचे. कपाट उघडून बघायचा धीर मला एकदाही झाला नाही.

उद्घाटनाला डॉक्टरांची मुलगी आली होती. सत्तरीच्या, ताठ चालणाऱ्या बाई. भाषणं झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "बाबांची शेवटची वही काढता? त्यात त्यांनी माझ्यासाठी दोन ओळी लिहिल्या आहेत."

कुलगुरू, साहेब, सगळे हसऱ्या चेहऱ्याने उभे होते. मी कपाट उघडलं. वही फळीला चिकटली होती. जोर लावल्यावर निघाली, पण हाताला वजनच लागेना. बाईंनी ती घेतली आणि पुठ्ठा उघडला. आत पानं नव्हती. ओल्या मातीचा पातळ थर होता आणि तो हलत होता. किडे त्यांच्या मनगटावर, पदरावर चढले. त्या ओरडल्या नाहीत. वही तशीच धरून, ओळी सापडतील अशा नजरेने बघत राहिल्या.

अकरातल्या चार वह्या वाचल्या. प्लायवूड काढलं तेव्हा भिंत छतापर्यंत पोखरलेली निघाली. वर संगणकांच्या खोलीच्या दाराची चौकट बोटाने दाबली तरी आत जात होती.

चौकशी लागली. साहेबांनी अहवालात लिहिलं की संबंधित परिचराने कधीच काही कळवलं नाही, हा त्याचा हलगर्जीपणा आहे. दादांच्या नावाची नोटीस टायपिंगला माझ्याकडेच आली. मी ती टाइप केली, खाली तारीख घातली, आणि मग खण उघडून कोऱ्या कागदांखालचं पत्र चाचपून पाहिलं.

चौकशीच्या दिवशी मी खणातलं पत्र काढून अधिकाऱ्यांपुढे ठेवलं.

"यावर आवक नंबर का नाही?"

"मी टाकला नाही."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

साहेब समोरच बसले होते, पेनाचं टोपण काढत, लावत. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं नाही, पण त्यांचं पद सांगितलं.

दादांची नोटीस रद्द झाली. मला मेमो मिळाला आणि बढती लांबली. साहेब त्याच वर्षी दुसरीकडे, वरच्या जागेवर निघून गेले.

नोटीस रद्द झाल्याचं सांगायला मी परीक्षा विभागात गेले. दादा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होते. सगळं ऐकून घेतलं. मी खणातल्या पत्राचंही सांगितलं, न विचारता.

त्यांनी हातातल्या गठ्ठ्याच्या सुतळीला गाठ मारली.

"मला वाटलं व्हतं, साहेबांनी फाडलं आसंल," ते म्हणाले. "तुमच्याकडं आसंल आसं नाय वाटलं."

"दादा, परत या तिकडे. मी नव्या साहेबांशी बोलते."

"नको ताई. मी हितंच बरा."

त्यांनी पुढचा गठ्ठा ओढला. मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले. त्यांनी मान वर केली नाही, तेव्हा निघाले.