एका भाषणाच्या दोन जावा

वासंती माईकपुढे उभी राहिली, पदर खोचला आणि पहिलं वाक्य बोलली. ते मी लिहिलेलं होतं. अडचण एवढीच, की ते मी तिच्यासाठी लिहिलं नव्हतं.

मी पेणला राहतो आणि लिहून पोट भरतो. कथाही लिहितो, पण कथांवर घर चालत नाही. घर चालतं ते रोह्याच्या एका कंपनीच्या गृहपत्रकावर, मंडळांच्या स्मरणिकांवर, सत्काराच्या आणि निवडणुकीच्या भाषणांवर. भाषण लिहिणाऱ्याचं नाव कुठे येत नाही. त्यामुळे समीक्षकही येत नाहीत, हा एक फायदाच.

वडखळच्या पुढे खाडीलगतच्या एका गावात सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं आणि एकाच घरातल्या दोन जावा समोरासमोर उभ्या राहिल्या. थोरली कुसुम, धाकटी वासंती. कुसुमवहिनींचे यजमान रोह्याच्या त्याच कंपनीत शिफ्टला जातात. गृहपत्रकामुळे त्यांची माझी ओळख. ते बायकोला घेऊन माझ्याकडे आले.

माझी एक पद्धत ठरलेली आहे. गिऱ्हाइकाला आधी बोलू द्यायचं आणि पेन खिशात ठेवायचं. पेन दिसलं की माणूस वर्तमानपत्रासारखा बोलायला लागतो. वहिनींनीही सुरुवात विकासापासून केली. मी नुसता हं हं करत राहिलो. चहा झाला आणि मग त्या खांडीवर आल्या.

खांड म्हणजे खाडीच्या बांधाला पडलेलं भगदाड. अमावास्या-पौर्णिमेला मोठी भरती आली की तिथून खारं पाणी शेतात घुसतं. ते एकदा मुरलं की पुढे कित्येक पावसाळे भात नीट धरत नाही. त्यांच्या गावची खांड आदल्या पावसाळ्यात पडली होती. येत्या पावसाळ्याआधी बुजली नाही तर मागची शेतंही जाणार होती. दुरुस्तीसाठी गावाने ठराव करून पाठपुरावा करायला हवा होता, पण आधीच्या सरपंचांची जमीन डोंगराकडे. त्यांना कसली घाई?

"मला खुर्ची नको," वहिनी म्हणाल्या. "खांड बुजली पायजे. माज्या सासऱ्यानी तो बांध डोक्यावर माती वाहून घातलाय."

इथे भाषण सापडलं. मी ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं. पहिलं वाक्य होतं, "आमच्या शेतात औंदा भात नाय पिकला, चिंबोऱ्या पिकल्या." चिंबोऱ्या म्हणजे खाडीतले खेकडे. आमच्या धंद्यात याला टाळीची जागा म्हणतात. बोलणाऱ्याने तिथे थांबायचं असतं.

मग मी नेहमीचा सल्ला दिला. भाषण वाचायचं नाही, पाठ करायचं. तेही मोठ्याने आणि कामं करता करता, कारण बसून लिहिलेलं वाक्य उभ्याने म्हणताना धाप लागते. सकाळी भाकऱ्या थापताना म्हणा, असं मी सांगितलं. वहिनींनी ते इमानेइतबारे केलं.

त्यांच्या घराची वाटणी झालेली होती हे मला ठाऊक होतं. पण वाटणी म्हणजे मधे घातलेला नुसता पत्रा आहे आणि पत्र्यापलीकडे वासंतीची चूल आहे, हे मी विचारलं नव्हतं. भाषण तिकडेही पाठ झालं.

त्या गावाची एक रीत आहे. दोन्ही उमेदवारांनी गावकीच्या एकाच मांडवात, एकाच माईकवर बोलायचं. पाठीमागे बोललं की भांडणं वाढतात, असं जुनी माणसं म्हणतात. आधी कोण, ते चिठ्ठी टाकून ठरतं. चिठ्ठी वासंतीची निघाली.

तिने चिंबोऱ्यांपासून सासऱ्यांपर्यंत सगळं भाषण म्हटलं. टाळ्या माझ्या जागांवर बरोबर पडल्या. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटलं. भाषण ऐकायला मी मुद्दाम आलो होतो आणि मागे बसलो होतो. मग कुसुमवहिनींनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

मी उठून काय सांगणार होतो? भाषण विकत घेतलेलं आहे, हे? शिवाय वासंती खोटं बोलत नव्हती. वाटणीत अर्धं शेत तिच्याकडे गेलं होतं आणि चिंबोऱ्या तिथेही होत्या.

वहिनी माईकपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"वासंतीनं सांगितलं त्यातला शब्द न् शब्द खरा हाय," त्या म्हणाल्या. "ते माजं भाषन व्हतं. मी चुलीशी म्हनायची, तिनं ऐकलं. आता मला दुसरं येत नाय."

मांडवात हशा पिकला. वहिनी हसल्या नाहीत.

"पन पानी दोघींच्या शेतात शिरलंय. वासंती, हिकडं ये गो. निवडून कोन पन येऊ दे, पयल्या ग्रामसभेत खांडीचा ठराव घ्यायचा. हो म्हन. माईकात म्हन."

सगळा मांडव वासंतीकडे बघायला लागला. ती बसून राहिली असती तर तिथेच गावाच्या नजरेतून उतरली असती. ती उठली, जावेच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "घेईन, जाऊबाय."

निवडून वासंती आली. तिच्याकडची भावकी मोठी होती आणि भावकीपुढे भाषण चालत नाही, हे मला आधीपासून माहीत होतं. तरी वाईट वाटलं, अजून वाटतं. मी वहिनींना फोन करून तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या. भाषन तर निवडून आलं ना?"

पहिल्या ग्रामसभेत वहिनी अगदी पुढे जाऊन बसल्या. ठराव झाला. त्यानंतर ठरावाच्या पाठपुराव्यासाठी तालुक्याच्या कचेरीत दोघी जावा एकाच रिक्षाने जायच्या, परतताना बहुतेक भांडत. पावसाळ्याच्या तोंडावर बांधावर माती पडली आणि खांड बुजली.

त्या भाषणातल्या टाळ्या माझ्या होत्या. ठराव मिळवून दिला तो शेवटच्या मागणीने, आणि त्यातला एकही शब्द माझा नव्हता. तेव्हापासून मी कुठल्याच भाषणाचा शेवट लिहून देत नाही. गिऱ्हाईक विचारतं, शेवटी काय बोलू? मी सांगतो, तुम्हाला जे हवंय ते मागा आणि खाली बसा.