मसाईच्या पठारावरचा मुका नवस

तापातून उठल्यापासून माझी धाकटी कमळी बोलेनाशी झाली होती. ऐकू सगळं यायचं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. वैद्य झाले, अंगारे झाले. शेवटी वन्संनी, म्हणजे माझ्या नणंदेने, मुका नवस सांगितला. ओठांत विड्याचं पान धरून लेकीसह मसाईचं पठार अनवाणी चालायचं आणि देवीची ओटी भरेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. माझा विश्वास होता असं खोटं कशाला सांगू? पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

तेव्हा कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं. पन्हाळ्याच्या पुढे मालक, म्हणजे कमळीचे वडील, बैलगाडीपाशी थांबले आणि आम्ही मायलेकी वर चढलो. पठार म्हणजे वाऱ्यापावसाने घासून सपाट केलेला कातळ. भादव्यात त्यावर जांभळी-पिवळी फुलं येतात, खळग्यांत पाणी साठतं. चालताना जीव खरंच सुखावला. मग धुकं उतरलं. ओटीचं गाठोडं सावरायला मी कमळीचं बोट सोडलं, तेवढ्यात ती दिसेनाशी झाली. जवळच कुठेतरी कडा होता. पान ओठांत दाबून मी वेड्यासारखी चाचपडत राहिले. हाक मारली तर नवस मोडून तिची वाचा कायमची जाणार, न मारली तर तीच जाणार.

शेवटी पान थुंकलं आणि "कमळेऽ!" म्हणून किंचाळले.

धुक्यातून पुरुषाचा आवाज आला, "कोन हाय? काय झालं वो?"

"माझी पोर चुकली! तिला बोलता येत न्हाय!"

"ऐकू येतंय न्हवं? मग जागा सोडू नका, हाका मारत ऱ्हावा. कानानं येईल की ती!"

मी घसा बसेपर्यंत हाका मारल्या. मग दोन ओले हात माझ्या लुगड्याला येऊन बिलगले. धुकं विरलं तेव्हा लांबवर म्हशी चरत होत्या, माणूस दिसला नाही. गुराखी असेल, नाहीतर आणखी कोणी. मी त्याची फोड करत बसले नाही.

देवळात ओटी भरली, पण मागणं सुचेना. रडत एवढंच म्हटलं, "आई, पोर ठेवलीस. आता फुडचं तुझं तू बघ."

कमळीला वाचा आली का, असं लोक विचारतात. नाही आली. पण ती मुकी झाल्यापासून आम्हीही तिच्याशी बोलणं सोडून नुसत्या खुणा करायचो, हे हाका मारताना माझ्या ध्यानात आलं. देवीने माझी जीभ सोडवली, हे तिचे उपकार. उतरताना मी कमळीला एकेका फुलाचं नाव सांगत होते आणि ती मान वर करून ऐकत होती.