सातव्या बॅरोनेटची वंशावळ

बाकीच्या केसेसचे तपशील आता पुसट झाले, पण एडिसन गावातल्या त्या 'सर'ची वंशावळ मला अजून तोंडपाठ आहे. ती आठवली की पहिल्यांदा स्वतःचाच राग येतो.

न्यू जर्सीत मी चोवीस वर्षं पोलिसात होतो, शेवटची काही वर्षं फसवणुकीच्या तपासात. आमच्या ठाण्यात मराठी बोलणारा मी एकटाच. त्यामुळे कुणीही देशी आला की डेस्कवरचा सार्जंट त्याला माझ्याकडे पाठवायचा, मग तो तमिळ का असेना! त्या सोमवारी मात्र खरंच मराठी मुलगी आली. तिशीची, इथेच वाढलेली, नर्स.

"काका, आई ऐकतच नाहीये," ती म्हणाली. ड्यूटीवर मला कुणी काका म्हटलेलं आवडायचं नाही, पण तिचा चेहरा बघून खुर्ची पुढे केली.

तिची आई विधवा, रिटायर्ड फार्मासिस्ट. लायब्ररीच्या वाचन गटात तिला एक इंग्रज गृहस्थ भेटले होते. आपण सातवे बॅरोनेट, म्हणजे पिढीजात 'सर', असं ते सांगत. लग्न ठरलं होतं. घराण्याची रीत म्हणून या काकूंनी आपलं राहतं घर आधी त्यांच्या खानदानी ट्रस्टच्या नावावर करायचं होतं. सही शुक्रवारी.

"मी नको म्हटलं तर आई म्हणाली, तुला घर पाहिजे. आणि मग म्हणाली, रक्ताची असतीस तर अशी वागली नसतीस." मुलीला रडू आवरेना. "आय ॲम ॲडॉप्टेड, काका. आई असं आयुष्यात कधी बोलली नव्हती."

दुसऱ्या दिवशी काकूंच्या घरी गेलो. चौकशीला गेलो की मी चहाला नाही म्हणत नाही. हातात कप असला की माणूस जरा सैल बोलतो. सरही तिथेच होते, ब्लेझर घालून. त्यांनी टेबलावर वंशावळ पसरली आणि पहिल्या बॅरोनेटपासून धडाधड सुरू झाले.

"सहाव्या सरांना मूल नव्हतं. त्यांनी मला दत्तक घेतलं आणि किताब माझ्याकडे आला," ते म्हणाले. मग काकूंकडे बघून, "आमच्यातही दत्तक मूल पोटच्यासारखंच."

काकूंचे डोळे भरून आले. आणि मी काय केलं? मान डोलावली! आपल्याकडे संस्थानंच्या संस्थानं दत्तकावर चालली, त्यात विचारायचं काय? पासपोर्टवर 'सर' का नाही एवढंच विचारलं. त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं.

गुरुवारी सकाळी, फाइल पूर्ण असावी म्हणून, लंडनमध्ये किताबांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला फोन लावला. तिथल्या बाईंनी एकच विचारलं, "पोटचा मुलगा की दत्तक?"

"दत्तक."

"मग किताब मिळत नाही. तो रक्ताच्या वारसालाच जातो. सहावे बॅरोनेट वारले, तेव्हाच हा संपला." त्यांनी तसं ईमेलवर लेखीही कळवलं. मी कपाळावर हात मारला.

दुपारी त्याला ठाण्यात आणलं. हक्क वाचून दाखवले आणि वंशावळ पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली. खोटं बोलणाऱ्याला मध्ये अडवायचं नाही, ही माझी पद्धत. तो सहाव्यापर्यंत पोचला तशी ती ईमेल पुढे सरकवली. त्याने दोनदा वाचली.

"हे मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला, अस्सल अमेरिकन, ओहायोच्या उच्चारांत.

बोटांच्या ठशांवरून खरं नाव निघालं, आधीच्या दोन फसवणुकीही. मग सगळं ओकला. त्या दोन्ही वेळी त्याने आपण सहाव्या सरांचे पुतणे असल्याचं सांगितलं होतं. इथे काकूंची मुलगी दत्तक आहे हे कळल्यावर त्यांचं मन जिंकायला तो दत्तक झाला. इंग्लंड त्याने पाहिलंही नव्हतं.

त्यानंतर जितके दिवस नोकरी केली, एक नियम पाळला. समोरच्याचं जे बोलणं आपल्याला लगेच पटतं, ते आधी तपासायचं. जे पटत नाही, ते आपण तपासतोच.

शुक्रवारी काकूंची सही झाली, पण जबाबावर. मुलगी बाहेर बाकावर बसली होती. मी सगळं सांगितलं तेव्हा काकूंनी दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं.

"तिच्यावरूनच मला फसवलं त्याने," त्या म्हणाल्या. "आणि मी तिलाच तोडून बोलले हो."

मी जबाब वाचून दाखवायला लागलो. तक्रारदाराचं काकूंशी नातं, या रकान्यात मी आधीच लिहून ठेवलं होतं: दत्तक मुलगी.

"पहिला शब्द खोडा," काकू म्हणाल्या.

जबाबात खाडाखोड चालत नाही, हे मी नव्या पोरांना शंभरदा बजावलं असेल. त्या दिवशी मी स्वतः केली, आणि शेजारी माझी सही ठोकली.