उपाशीपोटी वाचायचं पुस्तक

बातमी आली तेव्हा मी दुपारची पडले होते. फोन वाजतोय हे झोपेत कळत होतं, पण हात उचलत नव्हता. पलीकडं दाजी होते, मालनचे मिस्टर. "बाई, मालन गेली," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मी तशीच पडून राहिले. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत होतं आणि मला वाटत होतं, आज गुरुवार, तिचं वाचन सुरू झालं असेल, उठायला हवं… तो गुरुवार नव्हताच.

मालन आणि मी गारगोटीच्या एका शाळेत शिक्षिका. रोज कोल्हापूरहून एसटीनं जायचो, बहुतेक एकाच बाकावर. ती शिवाजी पेठेतली, दत्ताची भक्त, पौर्णिमेची नृसिंहवाडी चुकवायची नाही. आम्ही बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात देव नाहीत. एकदा बसमध्ये मी वडिलांच्या कपाटातलं जाडजूड पुस्तक वाचत होते, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. देव, व्रतं, सोवळंओवळं, सगळ्यांची सालटी काढणारं.

"काय वाचतीस गं झाकून?"

"तुझ्या कामाचं नाही."

"आमच्या देवाबद्दल हाय न्हवं? मग माझ्याच कामाचं की."

पुस्तक घेऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी लांबच्या बाकावर जाऊन बसली. आठवडाभर बोलली नाही. मला वाटलं, मैत्री संपली. मग एका सकाळी शेजारी येऊन बसली ती नियम ठरवूनच. उपासाच्या दिवशी रागावलं की उपास मोडला, असं तिच्या आईचं म्हणणं. म्हणून हे पुस्तक फक्त गुरुवारी, उपाशीपोटी वाचायचं. शाळेतून येऊन हातपाय धुवायचे, दत्ताच्या तसबिरीपुढं उदबत्ती लावायची आणि मोठ्यानं वाचायचं. मोठ्यानं का, तर, "त्याच्याबद्दल लिवलंय, त्याच्या पाठीमागं कशाला वाचायचं?" उपास सुटेपर्यंत उलट शब्द काढायचा नाही. सुटल्यावर आमटी-भात खाता खाता त्यातलं खरं काय ते आधी सांगायचं, मग हवं तेवढं भांडायचं. ऐकणाऱ्याला उपासाची अट नव्हती, त्यामुळं मी पोहे खात ऐकायची. दाजीही बाहेरच्या खोलीत भडंग खात बसलेले असायचे. उपास-तापास ही बायकांची हौस, असं त्यांचं ठाम मत.

एक पुस्तक संपलं की मी दुसरं नेऊन द्यायची. निवृत्तीनंतरही हे चालूच राहिलं. आता आठवताना ते सगळे गुरुवार एकमेकांत विरघळून जातात… उदबत्तीचा धूर, गल्लीत फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचा गलका, दिवा लावायच्या आधीचा तो निळसर अंधार, आणि मालनचा संथ आवाज. लेखक तिच्या देवाला काय काय बोलायचा, आणि ही ते लहान पोराला गोष्ट सांगावी तशी वाचायची. एखाद्या वाक्याला थांबायची, डोळे मिटायची, तेच वाक्य पुन्हा वाचायची. मला कधी कधी डुलकी लागायची. जाग आली तरी आवाज चालूच.

एकदा पाण्याचं, शिवाशिवीचं प्रकरण आलं. त्या दिवशी उपास सुटला तरी तिनं घास घेतला नाही. भात कालवत बसली. मग म्हणाली, "माझ्या आजीनं तुझ्या आजीच्या वंजळीत वरनंच पाणी वतलं असंल. हे खरं हाय." त्या दिवशी भांडण झालं नाही.

एका पौर्णिमेला मी तिच्यासोबत वाडीला गेले. ती दर्शनाला गेली, मी घाटाच्या पायरीवर बसले. नदीवर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता, घंटा कुठून वाजते तेही कळत नव्हतं. ती ओल्या पावलांनी येऊन शेजारी बसली. मी विचारलं, "एवढं वाचूनही सोडवत नाही का गं?"

"कशाला सोडू? त्यानं सगळं ऐकून घेतलं की."

मग तिचं दुखणं निघालं. तिच्या नणंदेनं माझ्यादेखत दाजींना सुनावलं, "दर गुरवारी देवाला शिव्या ऐकवल्या, दुसरं काय हुणार?" दाजी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची मला भीती बसली. पुस्तकं माझी होती. मी जाणं कमी केलं. मालननंच फोन करून बोलावलं. औषधं काहीतरी खाऊनच घ्यावी लागत, त्यामुळं उपास बंद आणि वाचनही बंद. शेवटच्या पुस्तकाचं एकच प्रकरण उरलं होतं. मी म्हटलं, पडल्या पडल्या ऐक, मी वाचते. तर म्हणाली, "पोट भरून न्हाय ऐकायचं तसलं. आपण तेवढ्या मोठ्या मनाच्या न्हाय." ते प्रकरण राहून गेलं.

त्या बातमीनंतर दाजींचा फोन नाही. मीही केला नाही. ते मलाच दोष देत असणार, असं मनाशी धरून बसले होते, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारत होते. माझा देवावर विश्वास नाही, त्याच्या कोपावर कुठून असणार? तरी विचारत होते. परवा त्यांचा निरोप आला, "गुरवारी या. तुमचं पुस्तक हाय इथं." दाजी ते परत करणार, मला चार शब्द सुनावणार, अशा तयारीनं गेले.

दाजींनी पाट मांडला होता. तसबिरीपुढं उदबत्ती लावलेली. पुस्तक माझ्या हातात देत म्हणाले, "तेवढं ऱ्हायल्यालं वाचा. तिनं त्याला अर्धंच ऐकवलंय, बरं दिसत न्हाय ते."

मी पुस्तक घेतलं. पाटावर बसले. हात जोडले नाहीत, आणि त्यांनीही जोडा म्हटलं नाही. चष्मा लावून पान उघडलं, तर ते म्हणाले, "थांबा. सकाळधरनं काय खाल्लंय?"

"चपाती-भाजी खाऊन आलेय दाजी."

"मग आज न्हाय," ते म्हणाले आणि पुस्तक माझ्या हातून काढून घेऊन तसबिरीखाली ठेवलं. "फुडच्या गुरवारी उपाशी या. मीबी धरतो."