एकशिपी

सात हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीतली खापरं, हाडं, दगड टूथब्रशने घासून धुणं, हे शहरबानूखालाचं काम. ब्रशचे केस मऊ होते, जीभ तशी नव्हती. मूळची दाभोळची, आता आखाती शहरातल्या अल कुसैसहून रोज आमच्याबरोबर व्हॅनने उत्खननावर यायची. धुतलेल्या वस्तूंना चिठ्ठ्या लावायचं काम माझं, आणि माझ्या अक्षराला नावं ठेवायचं पुन्हा तिचंच. माझ्या म्हसळ्याच्या शाळेत मुंगळे शाईत बुडवून कागदावर सोडतात, असं तिचं ठाम मत.

त्या बुधवारी खड्ड्याच्या टोकाला शिंपल्यांचा ढीग लागला. आमच्या प्रमुख सुचित्रा मॅडम, पुण्याच्या, म्हणाल्या की हा समुद्राने आणून टाकलाय, वस्ती इथे संपली. त्यांनी कागदावर सही केली की दुपारी बुलडोझर ते टोक बुजवणार होता. वरून रस्ता जायचा होता. त्या शिंपल्यांची धुवायला आलेली पेटी फेकून द्या, यल्ला, चला लवकर, असं फर्मान निघालं.

खाला पेटीवर बसली. "नाही फेकत."

समजूत काढायला मला पाठवलं. खालाने पेटीच्या फटीतून एक शिंपला काढून मलाच दिला आणि कडेवरून बोट फिरवायला लावलं. बारीक खाच होती. दुसरा दिला, खाच त्याच जागी. चाळीस शिंपले होईपर्यंत माझं बोट सोलवटलं, खाच काही हलली नाही.

"मॅडम, समुद्र काय सुरी घेऊन बसतो?" खाला म्हणाली. "तिसऱ्यांचे शिंपले उघडताना पातं इथंच शिरतं. मांस एका शिंपीत ठेवायचं, दुसरी फेकायची. ही फेकलेली. इथं कुणी बाई एकशिपीचं कालवण करत बसली होती."

मॅडमनी आपला वीस वर्षांचा अभ्यास काढला. खाला म्हणाली, आपला तिसऱ्या उघडण्याचा चाळीस वर्षांचा आहे, आणि त्याला वासही येतो.

बाहेर बुलडोझरवाला हॉर्न वाजवत होता. मॅडमनी पिशवीतून भिंग काढलं. तेव्हा कुठे खाला पेटीवरून उठली, तीही अर्धीच. मॅडम एकेक शिंपला उलटून पाहत राहिल्या. मग सहीचा कागद त्यांनी घडी करून पर्समध्ये टाकला.

"खलास. मशीन परत पाठवा."

चिठ्ठीवर त्यांनी मला 'मानवी अन्नाचे अवशेष' लिहायला सांगितलं.

"एकशिपी लिही," खाला म्हणाली.

"खाला, रिपोर्टात असा शब्द चालत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग त्या बाईने काय अवशेष शिजवले होते?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी पेनाकडे. मग लिहिलं : एकशिपी. खालाने चिठ्ठी उजेडाला धरली. माझं अक्षर तिला पहिल्यांदाच लागलं.