ओला भुसा

तुर्भ्याच्या लॅबमध्ये आम्ही सशांच्या मूत्राशयाला नव्या पदार्थाचं ठिगळ शिवून बघतो. लघवीची नळी काढल्यावर ससा आपणहून मुतला, तर ठिगळ टिकलं म्हणायचं. ही बातमी आधी कळते ती पिंजरे धुणाऱ्या, जवळच्या बोनकोडे गावच्या माणसाला. देवळातून प्रसाद आणावा तसा ओल्या भुशाचा ट्रे दोन्ही हातांत धरून तो माझ्या टेबलापर्यंत येतो. वास मारतो, पण कोणी हटकत नाही.

परवा म्हणाला, "मॅडम, मानसांना कवा लावनार?" त्याचे वडील घरी लघवीची पिशवी लावून पडून आहेत, हे मला तेव्हा कळलं.

"अजून बरीच वर्षं जातील."

त्याने ट्रे रिकामा करून त्यात कोरडा भुसा पसरला, हाताने सपाट केला.

"मंग आमच्या बापसाला नाय गावनार. पन तवा बी कोनाचा तरी बापूस असंलच ना."